नवा पूल म्हणजे कुठला

भावाला घराच्या आत घ्यायचं नाही, असं नोरीन कॉटरने ठरवलं त्याला एकतीस वर्षं झाली होती. बाई ठरवलेलं मोडणाऱ्यातली नव्हती. नवरा जिवंत असताना त्याने दोनदा मध्यस्थी करून पाहिली, आणि दोन्ही वेळा त्याला आठवडाभर मुकाट्याने पुढ्यात आदळलेलं ताट जेवावं लागलं. तिसऱ्यांदा तो त्या वाटेला गेला नाही.

भाऊ म्हणजे डिनी लूसी. नोरीनहून चार वर्षांनी धाकटा. कॉर्कमधला मोटारींचा कारखाना बंद पडला तेव्हा शेकडो जण एका दिवसात घरी बसले, त्यातला तो एक. पुढच्याच वर्षी तो बॉस्टनला गेला. फिरायला म्हणून गेला आणि राहून गेला. तसे राहिलेले आयरिश तिथे ढिगाने होते. दिवसभर बांधकामावर राबायचं, आणि पोलिसाची गाडी दिसली की रस्ता बदलायचा. तिथेच त्याला केरीकडची पेग भेटली. तिच्याकडेही कागद नव्हते. दोन मुलगे झाले. आणि एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत इकडे आई गेली.

नोरीनने फोन केला, दफनाला ये म्हणून. डिनी म्हणाला, "आलो तर परत आत घेणार नाहीत गं मला इथे."

"मग येऊ नकोस," नोरीन म्हणाली. "आत्ता नको आणि पुढेही नको. माझं दार तुझ्यासाठी बंद."

दोन वर्षांनी त्याला रीतसर कागद मिळाले. त्याने त्याच दिवशी फोन केला की आता येता येईल.

"आता कशाला?" नोरीन म्हणाली. "आई आहे तिथून काही हलत नाही." आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर दर नाताळात दोन्हीकडून एकेक कार्ड यायचं. आत छापलेल्या शुभेच्छांखाली नुसती नावं. मुलं मोठी झाली, नोरीनचा नवरा गेला, तिचे गुडघे गेले, पण कार्डात कधी एक ओळ वाढली नाही.

मग एका उन्हाळ्यात पेग वारली. बातमी केरीवरून फिरत फिरत नोरीनच्या कानावर आली. भांडण भावाशी होतं. त्याच्या बायकोने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. नोरीन चर्चमध्ये गेली, पेगच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना सांगितली आणि तसं कार्ड बॉस्टनला धाडून दिलं. काही दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"कार्ड मिळालं," डिनी म्हणाला. आवाज चांगलाच म्हातारा झाला होता, आणि एकेका वाक्यानंतर तो दम घेत होता. "बरं वाटलं, नोरीन."

"हं."

"सप्टेंबरात येतोय मी. डॉक्टर म्हणतो, विमानात बसायचं असेल तर याच वर्षी बसून घ्या."

"ये की. देश काही माझ्या मालकीचा नाही."

"घरी येऊ?"

नोरीनने खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजाऱ्यांचं मांजर तिच्या कोबीच्या वाफ्यात आरामात बसलं होतं. एरवी तिने खिडकीवर टकटक करून त्याला हाकललं असतं.

"घरी नको," ती म्हणाली. "शहरात भेटू."

"चालेल. मग नव्या पुलावर? आलो की पहिल्या शनिवारी, अकराला?"

"नव्या पुलावर. अकराला. आणि वेळेवर ये."

*

त्या शनिवारी नोरीनने आधी चांगला निळा कोट घातला. मग त्याला काय एवढं, म्हणून काढून रोजचा घातला. मग सदतीस वर्षांनी बघणार तर काय म्हणेल, म्हणून पुन्हा निळा. हे चाललं असतानाच समोरच्या घरातली कॉन्सी हर्ली दारात येऊन उभी राहिली. कॉन्सी आणि नोरीन नन्सच्या शाळेत एका बाकावर बसायच्या, आणि कॉर्कमध्ये बाक सोडून साठ वर्षं झाली तरी मैत्रिणी एकमेकींना पोरीच म्हणतात.

"भाऊ येतोय का नवरदेव, पोरी?" कॉन्सी म्हणाली.

"तू कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. तू त्याला नदीत ढकललंस तर साक्षीला कुणी नको का?" तिच्या हातात थर्मास आणि सँडविचची पिशवी होती. "आणि मोबाइल घेतलास का?"

"तो चार्जिंगला लावलाय."

"चार्जिंगलाच असतो तो. जन्मल्यापासून."

दोघी बसने मेफील्डचा उतार उतरल्या, मॅकर्टन स्ट्रीटला बस सोडली आणि बोळातून नदीवर आल्या. अकराला थोडा वेळ होता. पूल समोरच होता: पोलादी, सडसडीत, एका कमानीत अल्याड-पल्याड गेलेला, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. मधोमध पाठीच्या कण्यासारखी उंच तुळई, आणि तिच्या दोन्ही अंगांना लाकडाची बसायची जागा. पुलाला महायुद्धात मुलांचे जीव वाचवणाऱ्या इथल्याच एका बाईचं, मेरी एल्म्सचं नाव दिलेलं. अर्धं शहर ते नाव घेतं, आणि उरलेलं अर्धं तीन वर्षं झाली तरी नुसतं 'नवा पूल' म्हणतं.

दोघी मध्यावर जाऊन बसल्या. ओहोटी होती. खाली हिरवट पाण्यात करडे बोय मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी डुलत होते. वारा गार होता, पण ऊन होतं. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, कानात तारा घातलेली पोरं, बाबागाड्या ढकलणारे बाप. कुणी जोरात चाललं की लाकूड खालून किंचित थरथरायचं.

"ओळखशील का त्याला?" कॉन्सीने विचारलं.

"कान बघून ओळखीन. आमच्या बाबांचे कान आहेत त्याला. वाऱ्याने उडवून नेलं नाही हेच नवल."

अकरा वाजले. शँडनच्या मनोऱ्यावरचं घड्याळ चारी दिशांना चार वेगळ्या वेळा दाखवतं म्हणून आख्खं शहर त्याला थापाड्या म्हणतं, पण आज त्याची एकही थाप डिनीच्या कामी आली नसती. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. एक टोपीवाला म्हातारा पलीकडच्या टोकाने येताना दिसला तशी नोरीन उठून उभी राहिली. तो जवळ आला. कान अगदीच बेताचे होते. ती खाली बसली.

"विमान उशिरा आलं असेल," कॉन्सी म्हणाली.

"तो गुरुवारीच आलाय. हॉटेलातून निरोप ठेवला होता माझ्या मुलीकडे."

"मग झोप लागली असेल. तिकडची वेळ वेगळी."

"त्याची वेळ नेहमीच वेगळी." नोरीनने कोटाचं वरचं बटण लावलं. "शाळेत उशीर, कामावर उशीर. स्वतःच्या बाप्तिस्म्याला सुद्धा उशीर केला त्याने, आई सांगायची. आणि आई गेली तेव्हा तर काय, आलाच नाही."

कॉन्सीने थर्मास उघडून चहा ओतला. नोरीनने कप हातात धरला, पण प्यायली नाही. पावणेबारा झाले. तिच्या जबड्याची ती ठेवण कॉन्सीच्या ओळखीची होती, म्हणून तिने विषय बदलला.

"हा पूल तराफ्यावर घालून नदीतून आणला तो दिवस आठवतो का गं? आख्खाच्या आख्खा. भरती-ओहोटीची वेळ साधून. आपण त्या तिथे कठड्याला टेकून बघत होतो. तुझी मुलगी म्हणाली पण, हे एवढं मोठं धूड या दोन भिंतींमध्ये बसणार कसं?"

"आठवतं."

"गर्दी काय, फोटो काय. तुझ्या डिनीने बघितलं असतं तर..."

"तो कुठला बघतोय. तो तर तिकडे..." नोरीन बोलता बोलता थांबली. कप हळूच लाकडावर ठेवला. "कॉन्सी."

"काय?"

"तो इथे नव्हता."

"तेच म्हणतेय मी."

"अगं, तो इथे नव्हता! पंच्याऐंशीला गेला तो. मग या पुलाचं त्याला कुठून माहीत असणार?"

कॉन्सीने तोंडावर हात ठेवला. दोघींच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली. डिनी गेला त्याच्या आदल्या वर्षी शहरात एक पूल नवा झाला होता: खालच्या अंगाला, कस्टम हाउसजवळचा, चार पदरी रहदारीचा कॉलिन्स पूल. त्या वर्षी जो तो म्हणायचा, नव्या पुलावरून जा. आईला घेऊन डिनी आणि नोरीन मुद्दाम तो बघायला गेले होते. आई म्हणाली होती, रुंद आहे, पण बसायला जागा नाही.

"येशू, मेरी आणि जोसेफ," कॉन्सी म्हणाली. "तो बिचारा त्या ट्रकांच्या धुरात उभा असेल."

"बिचारा बिचारा करू नकोस. चल, ऊठ."

*

अलीकडच्या काठाने, सेंट पॅट्रिक्स की नावाच्या धक्क्यावरून, नोरीन निघाली. गुडघे कुरकुरत होते, तरी मागे कॉन्सीला धावल्यासारखं चालावं लागत होतं. खालच्या बाजूला दुसरा एक जुना लोखंडी पूल मध्ये येतो आणि पुढे नदी वळते, त्यामुळे इथून कॉलिन्स पूल दिसत नाही. नोरीन मनातल्या मनात बोलणं जुळवत होती. चूक त्याची हे आधी सांगायचं, मग बाकीचं.

अर्ध्या वाटेवर तिने सहज पाण्यापलीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर लांबच्या गावांना जाणाऱ्या बसचा तळ आहे. तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या पुढून एक वाकलेला माणूस काठी टेकत टेकत उलट दिशेने चालला होता. अंगात पातळ अमेरिकन जाकीट, डोक्याला काही नाही. आणि दोन्ही बाजूंना कान.

"डिनी!" नोरीन ओरडली. "डिनी लूसी!"

तो माणूस थांबला, इकडेतिकडे बघायला लागला.

"पाण्याकडे बघ, मूर्खा! इकडे!"

त्याने पाहिलं. काठी कठड्याला लावली आणि दोन्ही हात तोंडाशी धरले. "नोरीन? तू तिकडे काय करतेयस?"

"तुला शोधतेय! कुठे होतास?"

"नव्या पुलावर! अकरापासून!"

"मी नव्या पुलावर होते!"

"नव्हतीस! चिटपाखरू नव्हतं तिथे! एका टॅक्सीवाल्याने सांगितलं, आजोबा, हा नवा नव्हे, नवा वर आहे! इतका हसला तो, गाडीच बंद पडली त्याची!"

"तो पूल अडतीस वर्षांचा झाला, डिनी!"

"मला कसं कळणार? माझ्यासाठी तोच नवा!"

बसच्या रांगेतली माणसं हसायला लागली. कुणीतरी शिट्टी मारली. दोघं तिथेच थांबली असती तर गोष्ट हसण्यावारी गेली असती, पण नोरीन गेला पाऊण तास आतल्या आत धुमसत होती, आणि तो पाऊण तास एकतीस वर्षांच्या मागून आला होता.

"तुला कधी काय कळलंय!" ती ओरडली. "तू कधी हवा तिथे, हवा तेव्हा असतोस?"

"आलोय ना आता!"

"आता! आईला पुरलं तेव्हा कुठे होतास?"

रांगेतलं हसू विरलं. डिनीने हात खाली घेतले, मग पुन्हा तोंडाशी नेले. "येता येत नव्हतं मला! तुला माहीत होतं!"

"येता येत होतं! परत जाता येत नव्हतं!"

मध्ये साठेक पावलांचं पाणी होतं आणि त्यावरून शब्द अगदी स्वच्छ जात होते. डिनीला दम लागला होता. तरी त्याने ओरडून सांगितलं, "माझी दोन पोरं होती तिथे! एक तीन वर्षांचं, एक पाळण्यात!"

"आणि इथे आई होती!"

आता रांगेत कुणी बसकडे बघत नव्हतं. "बरोबर बोलतेय बाई," डोक्याला रुमाल बांधलेली एकजण म्हणाली. "बरोबर कसलं?" तिच्या मागचा म्हणाला. "तान्ही पोरं टाकून यायचं होतं का त्याने?" "आई एकच असते हो." "आणि पोरं काय बाजारात मिळतात?"

"नोरीन," कॉन्सीने तिची बाही ओढली. "आख्खं कॉर्क ऐकतंय."

"ऐकू दे!" आणि पुन्हा पलीकडे, "सगळे विचारत होते, डिनी कुठे? शवपेटीला खांदा द्यायला आमच्याकडचे दोघं आणि शेजारचे चौघं! शेजारचे, डिनी!"

त्याने काहीतरी उत्तर दिलं, पण तेवढ्यात वॉटरफर्डकडे जाणारी एक उंच बस तळातून बाहेर आली आणि नेमकी त्याच्या आणि पाण्याच्या मधे येऊन सिग्नलला थांबली. नोरीनला नुसती बसची लांबलचक कूस दिसत राहिली. सिग्नल सुटायला वेळ लागला. बस पुढे सरकली तेव्हा कठड्याशी कुणी नव्हतं.

"गेला," नोरीन म्हणाली.

"कुठे जाईल? असेल तिथेच..."

"गेला, कॉन्सी. मी बोलले आणि तो गेला." तिचा आवाज आता अगदी साधा झाला होता. तो तसा झालेला कॉन्सीने फक्त एकदा ऐकला होता, नोरीनच्या नवऱ्याच्या आजारपणात.

पलीकडे जायचा जवळचा रस्ता म्हणजे मघाच्या त्या नव्या पुलावरूनच. नोरीन वळली आणि आल्या वाटेने परत निघाली. ती पळाली असं म्हणता येणार नाही, तिला पळता येतच नव्हतं. एका हाताने कठडा धरून, एका बाजूला झुकत, ती वाटेतल्या माणसांना हाताने बाजूला सारत गेली. एका सायकलवाल्याने घंटी वाजवली तर त्याच्यावर अशी नजर टाकली की तो उतरून उभा राहिला.

पुलावर ती मध्यापर्यंत पोचली तेव्हा तिला डिनी दिसला. तो पलीकडच्या टोकाने पुलावर आलाच होता. एक हात काठीवर, एक कठड्यावर, दर चार पावलांनी थांबत. पण तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो मान वर करून त्या पोलादी कण्याकडे बघत होता, मग खाली पाण्याकडे, मग पुन्हा वर.

"हे कधी केलं यांनी?" ती समोर येऊन उभी राहिल्यावर त्याने विचारलं. इतक्या वर्षांनी तोंडासमोर काढलेला पहिला शब्द तो.

"एकोणिसात."

"मधे खांबच नाही एकही."

"नाही."

"छान केलंय." त्याचे ओठ निळसर पडले होते. "बसायला जागा आहे का गं कुठे?"

नोरीनने त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला लाकडावर नेऊन बसवलं. हात घातल्यावर तिला कळलं, जाकिटाच्या आत माणूस थोडाच उरला होता. त्याने खिशातून नळी काढून दोनदा तोंडात फवारा मारला. ती बाजूला बसली. कॉन्सी मागून येऊन पोचली होती. तिने दोघांकडे पाहिलं, आणि पाच-सात हात पलीकडे त्यांच्याकडे पाठ करून मासे बघत उभी राहिली. तिच्या अख्ख्या आयुष्यात ती इतका वेळ गप्प राहिली नव्हती.

"बस आल्यावर खाली बसलो होतो," डिनी म्हणाला. "दमच संपला. एका बाईने उचलून उभं केलं. रुमालवाली. म्हणाली, जा, तुमच्या बहिणीचं बरोबर आहे, पण जा."

नोरीनच्या ओठाचा कोपरा हलला. तिने तो पुन्हा जागेवर आणला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तिला त्रास झाला का?"

इतक्या वर्षांत हे त्याला विचारायचं होतं, आणि इतक्या वर्षांत तिने ते विचारू दिलं नव्हतं. दार बंद करताना आपण हेही बंद केलं, हे नोरीनला त्या क्षणी प्रथमच दिसलं.

"शेवटचे दोन दिवस झाला," ती म्हणाली. "मग डॉक्टर येऊन सुई देऊन गेला. मग नाही. बोलत होती पण. सारखी विचारत होती, डिनी आला का."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, विमानात बसलाय."

डिनीने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि हातांवर हनुवटी.

"दफनाला ये म्हणायला केलेला फोन नंतरचा. त्याआधी, आई जायच्या आदल्या रात्री, मी एक केला होता, शुद्ध आहे तोवर ये म्हणायला. तू नाही म्हणालास. मी वर गेले आणि तिला सांगितलं, निघालाय, सकाळी पोचतो. तर म्हणाली, त्याच्या पलंगात गरम पाण्याची पिशवी ठेव, ती खोली गारठलेली असते." नोरीन समोर पाण्याकडे बघत सांगत होती, बाजारातून काय आणलं हे सांगावं तशी. "मग ठेवली."

"कुठे ठेवली?"

"तुझ्या पलंगात. ती विचारत होती ना, ठेवलीस का, म्हणून. तिला खोटं किती सांगायचं? एक सांगितलं होतं तेवढं पुरे होतं. पाणी तापवलं, पिशवी भरली, पांघरुणाखाली ठेवली आणि वर येऊन सांगितलं, ठेवली. मग झोपली ती. पहाटे गेली. डॉक्टर, फादर, शेजारीपाजारी, सगळं आवरल्यावर दुपारी मी तुझ्या खोलीत गेले, पिशवी काढायला. गार झालेली होती." ती थांबली. "तुझा राग मला त्या पिशवीचा आला, डिनी. दफनाचा नाही. दफन काय, ते झालंच असतं."

डिनी रडत होता. आवाज न करता, म्हाताऱ्या माणसांना रडू येतं तसं, जणू डोळ्यांना वारा लागलाय. त्याने पुसायचा प्रयत्न केला नाही.

"मी त्या रात्री विमानतळावर गेलो होतो," तो म्हणाला. "तिकीट नव्हतं. नुसता गेलो. पेगला सांगितलं, काम आहे. आत जाऊन बाकावर बसलो आणि शॅननच्या विमानाची माणसं आत जाताना बघितली. मग दार बंद झालं त्यांचं. मग घरी आलो."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय? आलो तर नाहीच ना."

"नाही," नोरीन म्हणाली. "आला नाहीस."

पण आता ते ती भांडणासारखं म्हणाली नाही. जे झालं ते झालं असंच होतं, एवढंच त्यात होतं. दोघं बसून राहिली. एक बाबागाडी गेली, पायांखालचं लाकूड हललं.

"हा हलतो का?" डिनीने दचकून विचारलं.

"थोडा. हलायलाच हवा म्हणतात."

कॉन्सीला आता अगदीच राहवेना. ती वळून आली आणि पिशवी दोघांच्या मधे ठेवली. "हे बघा, मसाल्याचं बीफ आहे, घरी शिजवलेलं, आणि मी हे मेफील्डला परत वाहून नेणार नाही. डिनी लूसी, मी कॉन्सी. तू माझ्या वेणीला च्युइंगगम लावला होतास."

"तो मी नव्हे, माझा मित्र," डिनी म्हणाला.

"तूच. खा."

त्याने सँडविच घेतलं, एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. बॉस्टनमध्ये सगळं मिळायचं, पण हे मिळायचं नाही. त्याने दुसरं घेतलं. नोरीनने गार झालेला चहा पाण्यात ओतला आणि त्याला नवा ओतून दिला.

"हॉटेल कुठलं घेतलंयस?" तिने विचारलं.

त्याने नाव सांगितलं.

"तिथे नाश्त्याला काय देतात?"

"फळं. दही. कसला तरी भुसा."

"भुसा," नोरीन म्हणाली. ती उठली आणि निळा कोट झटकला. "चल. बॅग घेऊ तुझी आणि दोनच्या बसने वर जाऊ. कॉन्सी, तू धर त्याला त्या बाजूने."

"घरी?" डिनी म्हणाला.

"नाहीतर काय, तुला इथेच ठेवू? रात्री दिवे लावतात इथे, लोक म्हणतील पुतळा बसवलाय."

*

दहा दिवसांसाठी आलेला डिनी सात आठवडे राहिला. पहिल्या रविवारी दोघं दफनभूमीत गेली. तो थडग्यापाशी बराच वेळ उभा होता, आणि नोरीनने तेवढ्या वेळात भोवतालचं सगळं गवत उपटून काढलं. बाकी दिवस भांडणात बरे गेले. तो किटलीत चहा फार वेळ ठेवायचा, ती बातम्या फार मोठ्याने लावायची. हर्लिंगचा सामना असला की दोघांचं एक व्हायचं आणि पंचाला शिव्या मिळायच्या. तो रोज पुलावर जायचा, वाऱ्याच्या दिवशी सुद्धा, आणि तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायचा. परत आला की नोरीनला शहरातल्या बातम्या सांगायचा, ज्या तिला आठवड्यापूर्वीच कळलेल्या असायच्या.

नोव्हेंबरात मुलगे न्यायला आले. दोघंही उंच, आणि दोघांचेही कान तसेच. नोरीनने त्यांना दारातच धरून आत ओढलं.

पुढच्या मे महिन्यात नोरीन कॉटर पासपोर्टासाठी फोटो काढायला गेली. फोटोवाल्याने सांगितलं, हसायचं नाही. ती म्हणाली, "तसला त्रास तुम्हाला माझ्याकडून व्हायचा नाही." जन्मात पहिल्यांदा विमानात बसून ती शॅननहून बॉस्टनला गेली, मुलगी बरोबर होती. तीन आठवडे राहिली. डिनीची तब्येत तोवर उतरली होती, पण तो व्हरांड्यात बसू शकत होता. दोघं सकाळी तिथे बसायची. तो रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला हाक मारून सांगायचा, ही माझी बहीण, आणि शेजारी म्हणायचे, हो, काल सांगितलंत.

ती आयर्लंडला परत आल्यावर कॉन्सीने विचारलं, कसं आहे अमेरिका.

"मोठं आहे," नोरीन म्हणाली. "चहा वाईट."